थॉमस ॲडिसन

हा लेख इंग्लिश वैद्यकतज्ज्ञ थॉमस ॲडिसन यांच्याविषयी आहे. अमेरिकन संशोधकासाठी पहा: थॉमस अल्वा एडिसन.

थॉमस ॲडिसन (जन्म: एप्रिल १७९३, लाँग बेंटन, इंग्लंड, मृत्यू: २९ जून १८६०, ब्रायटन, इंग्लंड) हे एकोणिसाव्या शतकातील एक इंग्लिश वैद्यकतज्ज्ञ व वैद्यकाचे अध्यापक होते. मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींच्या नाशामुळे होणाऱ्या व्याधीचे पहिले सविस्तर वर्णन त्यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध केले. ही व्याधी त्यांच्याच नावाने ॲडिसनचा रोग म्हणून ओळखली जाते. एका अंतःस्रावी ग्रंथीचा बिघाड आणि संपूर्ण शरीरावर होणारे त्याचे परिणाम यांचा संबंध या वर्णनातून प्रथमच स्पष्टपणे जोडला गेला. त्यामुळे अंतःस्रावविज्ञानाच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. घातक पांडुरोगाचे आरंभीचे वर्णनही त्यांनीच केले. ॲडिसनचा रोग पाळीव प्राण्यांतही होतो. तरुण कुत्र्यांत तो विशेष महत्त्वाचा मानला जातो, कारण त्याची लक्षणे इतर सामान्य आजारांसारखी दिसतात आणि निदान चुकल्यास वाचू शकणारा प्राणी दगावतो.

जन्म आणि शिक्षण

ॲडिसन यांचा जन्म इंग्लंडच्या ईशान्य भागातील न्यूकॅसल शहराजवळच्या लाँग बेंटन या गावी झाला. वडील जोसेफ ॲडिसन यांचा किराणा माल व पिठाचा व्यापार होता. आईचे नाव सारा शॉ. ॲडिसन घराणे मूळचे कंबरलँड परगण्यातील लॅनरकॉस्ट येथील होते आणि थॉमस यांनी या मूळ गावाशी अखेरपर्यंत नाते राखले. न्यूकॅसलच्या व्याकरणशाळेत त्यांचे शालेय शिक्षण झाले. तेथे लॅटिन भाषेवर त्यांनी इतके प्रभुत्व मिळवले की पुढे व्याख्यानांची टिपणे ते लॅटिनमध्ये घेत आणि त्या भाषेत सहज संभाषणही करू शकत.

मुलाने वकील व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. थॉमस यांनी मात्र वैद्यकाची निवड केली आणि १८१२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात प्रवेश घेतला. उपदंश व त्यावरील पाऱ्याचा उपचार या विषयावर लॅटिनमध्ये प्रबंध लिहून त्यांनी १८१५ मध्ये एम. डी. ही पदवी संपादन केली. त्यानंतर ते लंडनला आले. तेथील लॉक हॉस्पिटलमध्ये त्यांनी निवासी शल्यचिकित्सक म्हणून काम केले. त्याच सुमारास त्वचारोगांचे नामवंत अभ्यासक थॉमस बेटमन यांच्या हाताखाली त्यांना शिकायला मिळाले. त्वचेचा रंग, पोत आणि तिच्यावरील चट्टे यांचे बारकाईने निरीक्षण करण्याची सवय त्यांना येथे लागली. चाळीस वर्षांनंतर त्यांच्या सर्वांत महत्त्वाच्या शोधात हीच सवय उपयोगी पडली.

गाईज हॉस्पिटलमधील कार्य

लंडन ब्रिजजवळील गाईज हॉस्पिटलशी ॲडिसन यांचा संबंध १८१७ मध्ये विद्यार्थी म्हणून आला आणि तो अखेरच्या आजारपणापर्यंत टिकला. १८१९ मध्ये त्यांना रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा परवाना मिळाला. १८२४ मध्ये ते गाईजमध्ये सहायक वैद्य झाले, १८२७ मध्ये औषधिविज्ञानाचे व्याख्याते झाले आणि १८३७ मध्ये पूर्ण वैद्य या पदावर त्यांची नियुक्ती झाली. दुसऱ्याच वर्षी ते रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे फेलो म्हणून निवडले गेले. १८४९ मध्ये त्यांनी रॉयल मेडिकल अँड कायरर्जिकल सोसायटीचे अध्यक्षपद भूषविले.

मूत्रपिंडविकारांचे अभ्यासक रिचर्ड ब्राइट हे गाईजमध्ये त्यांचे ज्येष्ठ सहकारी होते. लसीका ग्रंथींच्या विकारामुळे ज्यांचे नाव अजरामर झाले ते टॉमस हॉजकिन हेही त्याच संस्थेत शवविच्छेदनाचे काम पाहत. ब्राइट, ॲडिसन आणि हॉजकिन या तिघांमुळे गाईज हॉस्पिटलला युरोपभर कीर्ती लाभली. रुग्ण जिवंत असताना लक्षणांची काटेकोर नोंद ठेवायची, मृत्यूनंतर शवविच्छेदन करायचे आणि दोन्ही नोंदी एकमेकींशी ताडून पाहायच्या, अशी या तिघांची कार्यपद्धती होती. लक्षणांना औषधे देण्याऐवजी लक्षणांमागचे इंद्रिय शोधण्याकडे वैद्यकाचे लक्ष वळण्याचा हा काळ होता. ब्राइट आणि ॲडिसन यांनी मिळून लिहिलेल्या वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकाचा पहिला खंड १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील आंत्रपुच्छाच्या दाहाचे वर्णन त्या काळाच्या मानाने विलक्षण स्पष्ट आहे.

अधिवृक्क ग्रंथींखेरीज इतर विषयांवरील ॲडिसन यांचे कामही मोलाचे आहे. न्यूमोनियात स्राव साचतो तो फुफ्फुसातील वायुकोशांत, हे त्यांनी दाखवून दिले. यकृतातील मेदवृद्धीवर त्यांनी १८३६ मध्ये लेखन केले. जॉन मॉर्गन यांच्यासह विषांच्या शरीरावरील क्रियेविषयीचा निबंध त्यांनी १८२९ मध्ये प्रसिद्ध केला होता. विल्यम गल यांच्यासह १८५१ मध्ये त्यांनी त्वचेवर उमटणाऱ्या पिवळसर गाठींच्या विकाराचे वर्णन केले. स्टेथोस्कोप हे उपकरण तेव्हा नवे होते आणि ते वापरण्यात ॲडिसन निष्णात समजले जात.

स्वभाव आणि अध्यापन

ॲडिसन उंच, देखणे आणि भारदस्त व्यक्तिमत्त्वाचे होते. विद्यार्थ्यांना त्यांचा धाक वाटे आणि प्रथमदर्शनी ते अहंमन्य भासत. जवळच्या सहकाऱ्यांच्या मते मात्र हा ताठा म्हणजे मुळातल्या संकोचावरचे आवरण होते. व्याख्यानापूर्वी ते अतिशय अस्वस्थ असत. तरीही अध्यापक म्हणून त्यांची ख्याती मोठी होती आणि त्यांचे विद्यार्थी त्यांच्याशी एकनिष्ठ राहिले. त्यांना खरी ओढ होती ती निदानाची. रुग्णाच्या खाटेशी ते दीर्घकाळ थांबत, छाती व पोट पुनःपुन्हा तपासत आणि उलगडा होईपर्यंत प्रश्न सोडत नसत. उपचारांविषयी त्यांना तितका उत्साह नव्हता. परिणामी लंडनमधील इतर प्रसिद्ध वैद्यांच्या तुलनेत त्यांचा खाजगी व्यवसाय बेताचाच राहिला.

१८४७ मध्ये लॅनरकॉस्टच्या चर्चमध्ये त्यांचा विवाह एलिझाबेथ कॅथरिन हॉक्सवेल यांच्याशी झाला. त्या विधवा होत्या आणि त्यांना पहिल्या विवाहापासून दोन मुले होती. ॲडिसन यांना स्वतःचे अपत्य झाले नाही.

अधिवृक्क ग्रंथींचा शोध: पार्श्वभूमी

इटालियन शारीरज्ञ बार्तोलोमिओ युस्ताकिओ यांनी सोळाव्या शतकात अधिवृक्क ग्रंथींचे वर्णन केले होते. त्यांचे कार्य मात्र पुढे जवळजवळ तीन शतके अज्ञात राहिले. १७१६ मध्ये बोर्दो येथील अकादमीने या ग्रंथींच्या उपयोगाविषयी निबंधस्पर्धा जाहीर केली. आलेल्या निबंधांचे परीक्षण करण्याचे काम विचारवंत माँतेस्क्य यांच्याकडे होते आणि त्यांना एकही निबंध पारितोषिकास योग्य वाटला नाही. ॲडिसन यांच्या काळापर्यंत परिस्थिती फारशी बदललेली नव्हती. शवविच्छेदनात या लहानशा ग्रंथींकडे क्वचितच कोणी लक्ष देई.

ॲडिसन यांनाही प्रारंभी या ग्रंथींचा शोध घ्यायचा नव्हता. कोणतेही कारण न सापडता हळूहळू वाढत जाणाऱ्या आणि शेवटी प्राण घेणाऱ्या पांडुरोगाचा ते अनेक वर्षे मागोवा घेत होते. अशा रुग्णांत रक्तस्राव नसे, कर्करोग नसे, क्षयही नसे. तरीही चेहरा पांढुरका पडत जाई आणि शक्ती ओसरत जाई. या शोधात काही शवविच्छेदनांमध्ये त्यांना दोन्ही अधिवृक्क ग्रंथी रोगग्रस्त आढळल्या. १५ मार्च १८४९ रोजी साउथ लंडन मेडिकल सोसायटीसमोर त्यांनी ही निरीक्षणे मांडली. त्या वेळी पांडुरोग आणि अधिवृक्क विकार या दोन गोष्टी त्यांच्या विवेचनात अजून एकत्र गुंतलेल्या होत्या. त्यांच्या मांडणीकडे समकालीनांनी विशेष लक्ष दिले नाही.

१८५५ चा ग्रंथ

पुढील सहा वर्षांत ॲडिसन यांनी या दोन व्याधी एकमेकींपासून वेगळ्या केल्या. १८५५ मध्ये अधिवृक्क ग्रंथींच्या रोगांचे सार्वदेहिक व स्थानिक परिणाम या विषयावरील त्यांचा छोटेखानी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ११ रुग्णांच्या नोंदी आणि रुग्णांची व ग्रंथींची रंगीत चित्रे आहेत. अतिशय थकवा, हृदयाची क्षीण क्रिया, पोटाची कुरकुर व उलट्या, भूक मंदावणे आणि त्वचेचा रंग विशिष्ट प्रकारे काळवंडणे, असा लक्षणांचा समूह त्यांनी या व्याधीची खूण म्हणून मांडला. चेहरा, मान, हात, काखा आणि नाभीच्या आसपास हा रंग अधिक गडद दिसे. अनेक रुग्णांत ग्रंथींचा नाश क्षयरोगाने झाला होता, तर काहींत कर्करोग ग्रंथींपर्यंत पोहोचला होता.

यांतील प्रत्येक लक्षण सुटे घेतले तर सामान्य आहे. थकवा, उलट्या किंवा वजन घटणे कितीतरी रोगांत आढळते. त्यांच्या एकत्र येण्याला अर्थ आहे आणि तो अर्थ एका दुर्लक्षित ग्रंथीकडे बोट दाखवतो, हे ओळखणे हे ॲडिसन यांचे श्रेय होय. तथापि त्यांच्या हाती ग्रंथीचे कार्य मोजण्याचे कोणतेही साधन नव्हते. त्यांचे निदान खरे की खोटे हे बहुतेक वेळा मृत्यूनंतरच ठरे आणि रुग्णाला देण्यासारखा उपचारही त्यांच्याजवळ नव्हता.

समकालीनांचा प्रतिसाद

ग्रंथाचे स्वागत संमिश्र झाले. एडिंबरा येथील जॉन ह्यूज बेनेट यांनी अशी स्वतंत्र व्याधी असण्याविषयीच शंका घेतली. फ्रान्समध्ये मात्र आर्मां त्रुसो यांनी ॲडिसन यांच्या निरीक्षणांना दुजोरा दिला आणि व्याधीला त्यांचे नाव दिले. इंग्लंडमध्ये ॲडिसन यांचे विद्यार्थी व सहकारी सॅम्युएल विल्क्स यांनी आणखी रुग्णांच्या नोंदी गोळा करून गुरूंचे निष्कर्ष बळकट केले.

शार्ल-एद्वार ब्राउन-सेकार यांनी हा प्रश्न १८५६ मध्ये प्रयोगशाळेत नेला. दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्यास प्रायोगिक प्राणी थोड्याच वेळात मरतात, असे त्यांना आढळले आणि या ग्रंथी जगण्यास अत्यावश्यक आहेत असा निष्कर्ष त्यांनी काढला. फिलिपो यांच्या प्रयोगांत ग्रंथी काढलेले काही पांढरे उंदीर जगल्यामुळे यावर दीर्घकाळ वाद झाला. शस्त्रक्रियेने होणारी इजा आणि शरीरात अन्यत्र असणारी अधिवृक्काची जादा ऊती यांमुळे अशा प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी येत असत.

अखेरचे दिवस आणि मृत्यू

ॲडिसन यांना आयुष्यात वेळोवेळी तीव्र नैराश्याचे झटके येत. १८६० च्या प्रारंभी हा त्रास इतका वाढला की त्यांनी गाईजमधील अध्यापन व रुग्णसेवा सोडली. विद्यार्थ्यांना त्यांनी पत्राने आपला निर्णय कळवला. त्यानंतर ते विश्रांतीसाठी समुद्रकिनाऱ्यावरील ब्रायटन येथे राहण्यास गेले. त्यांची प्रकृती नाजूक असल्याने त्यांच्यासोबत सतत सेवक असत. २९ जून १८६० रोजी घराबाहेरील खोलगट आवारात त्यांनी स्वतःला झोकून दिले. डोक्याला झालेल्या गंभीर इजेमुळे त्यांचा मृत्यू झाला. ५ जुलै रोजी लॅनरकॉस्ट येथे त्यांचे दफन करण्यात आले.

लंडनमधील प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांपैकी काहींनी त्यांच्या निधनाची दखलही घेतली नाही. गाईज हॉस्पिटलने त्यांच्या स्मरणार्थ प्रार्थनामंदिरात संगमरवरी स्मृतिफलक बसवला आणि एका रुग्णकक्षाला त्यांचे नाव दिले. जोसेफ टाउन यांनी त्यांचा अर्धपुतळा घडवला.

व्याधीचे पुढील आकलन

अधिवृक्क ग्रंथीचे दोन भाग असतात: बाहेरील बाह्यक आणि आतील मध्यक. १८९० च्या दशकात जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी मध्यकाच्या अर्कामुळे रक्तदाब वाढतो हे दाखवले. त्यातून पुढे ॲड्रेनलिनचा शोध लागला. ॲडिसनच्या रोगात मात्र निर्णायक असतो तो बाह्यकाचा नाश. १९३० मध्ये विल्बर स्विंगल आणि जोसेफ फिफनर यांनी बाह्यकाच्या अर्कावर दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढलेली मांजरे जगवून दाखवली. बाह्यकातील संप्रेरकांवरील कार्याबद्दल एडवर्ड केंडल, टाडेउश राइखश्टाइन आणि फिलिप हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर थोड्याच काळात अल्डोस्टेरॉन हे संप्रेरकही वेगळे करण्यात आले.

बाह्यकात तयार होणारे कॉर्टिसोल शरीराला ताण सोसण्यास मदत करते, तर अल्डोस्टेरॉन सोडियम शरीरात राखते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. कॉर्टिसोल कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच या संप्रेरकाचा स्राव वाढवते. याच्या अतिरेकाने माणसाच्या त्वचेतील रंगद्रव्य वाढते आणि ॲडिसन यांनी पाहिलेला काळसर रंग उमटतो. आज अनेक देशांत या रोगाचे प्रमुख कारण रोगप्रतिकारक यंत्रणेने स्वतःच्याच ग्रंथींवर केलेला हल्ला हे आहे. क्षयरोग अधिक असलेल्या प्रदेशांत ॲडिसन यांच्या काळातील कारण अजूनही लक्षात ठेवावे लागते.

ॲडिसन यांनी ज्या पांडुरोगापासून शोधाला आरंभ केला होता, त्याचे वर्णन १८७२ मध्ये झुरिक येथे आंटोन बिअर्मर यांनी पुन्हा केले. रक्तक्षय झालेल्या कुत्र्यांवरील जॉर्ज व्हिपल यांच्या आहारप्रयोगांवरून प्रेरणा घेऊन जॉर्ज मायनॉट व विल्यम मर्फी यांनी १९२६ मध्ये त्यावर यकृतयुक्त आहाराचा यशस्वी उपचार प्रसिद्ध केला. या तिघांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तरुण कुत्र्यांतील ॲडिसनचा रोग

कुत्र्यांत नैसर्गिकपणे होणाऱ्या अधिवृक्क बाह्यकाच्या क्षीणतेचे वर्णन १९५३ मध्ये विल्यम हॅडलो यांनी केले. अधिवृक्काच्या अतिक्रियेमुळे होणारा कुशिंगचा विकार सहसा मध्यमवयीन व वृद्ध कुत्र्यांत आढळतो. याउलट ग्रंथी निकामी होण्याचा ॲडिसनचा रोग प्रामुख्याने तरुण ते मध्यमवयीन कुत्र्यांत होतो. निदानाच्या वेळी वय बहुधा चार वर्षांच्या आसपास असते. मात्र काही महिन्यांच्या पिल्लापासून म्हाताऱ्या कुत्र्यापर्यंत कोणालाही तो होऊ शकतो. माद्यांत त्याचे प्रमाण अधिक आहे. स्टँडर्ड पूडल, पोर्तुगीज वॉटर डॉग, बिअर्डेड कॉली आणि नोव्हा स्कोशिया डक टोलिंग रिट्रीव्हर या जातींत आनुवंशिक प्रवृत्ती दिसून आली आहे. शेवटच्या जातीत तर रोग पहिल्या वर्षाच्या आतच सुरू होऊ शकतो.

लक्षणे. ॲडिसन यांना वाट दाखवणारी खूण, म्हणजे त्वचेचा काळवंडलेला रंग, कुत्र्यांत सहसा मिळत नाही. उरतात ती सर्वसामान्य लक्षणे: भूक कमी होणे, अधूनमधून उलटी व जुलाब, वजन घटणे, सुस्ती, थरथर, कधी अधिक तहान व लघवी. ही लक्षणे येतात आणि जातात. सलाइन किंवा स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यावर कुत्रा तरतरीत होतो आणि काही दिवसांनी पुन्हा आजारी पडतो. प्रवास, घर बदलणे, शस्त्रक्रिया किंवा फटाक्यांचा आवाज अशा ताणानंतर आजार उफाळणे हा महत्त्वाचा दुवा आहे. बाह्यकाचा बहुतांश भाग नष्ट होईपर्यंत लक्षणे ठळक होत नाहीत. त्यानंतर एखाद्या दिवशी कुत्रा अचानक कोसळतो. या अवस्थेला ॲडिसनचा आणीबाणीचा झटका म्हणतात. रक्ताभिसरण ढासळलेले असताना हृदयाचे ठोके एरवी जलद व्हायला हवेत. येथे ते अनेकदा मंद असतात, कारण रक्तातील वाढलेले पोटॅशियम हृदयाच्या विद्युत्क्रियेत अडथळा आणते.

प्राथमिक चाचण्या. रक्ततपासणीत सोडियम कमी व पोटॅशियम जास्त आढळणे हे या रोगाचे प्रसिद्ध चिन्ह आहे. निरोगी कुत्र्यात सोडियम व पोटॅशियम यांचे गुणोत्तर साधारण २७ पेक्षा अधिक असते. ते २७ च्या खाली गेल्यास संशय येतो आणि जितके अधिक उतरेल तितका तो दृढ होतो. परंतु आतड्यातील चाबूककृमींचा प्रादुर्भाव, तीव्र जुलाब आणि मूत्रपिंडाचे विकार यांतही हे गुणोत्तर उतरू शकते. म्हणून केवळ त्यावरून निदान करीत नाहीत. रक्तपेशींच्या गणनेत काय नाही, हेही पाहावे लागते. एवढ्या आजारी कुत्र्यात ताणामुळे लिम्फोसाइट पेशी घटायला हव्यात. त्या घटलेल्या नसतील, किंबहुना वाढलेल्या असतील, तर कॉर्टिसोल तयार होत नसल्याची शक्यता ध्यानात घेतात. काही कुत्र्यांत रक्तशर्करा घटते, तर काहींत कॅल्शियम वाढते. क्ष-किरण चित्रात हृदय लहान आणि सोनोग्राफीत अधिवृक्क ग्रंथी पातळ दिसू शकतात.

निदानातील चकवे. सर्वांत गंभीर चूक मूत्रपिंडाच्या बाबतीत घडते. या रोगात शरीरातील पाणी कमी होऊन रक्तातील युरिया व क्रिएटिनिन वाढतात. त्याच वेळी सोडियमच्या अभावामुळे मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही. ही दोन्ही चिन्हे मूत्रपिंड निकामी झाल्याचीच वाटतात. अशा तरुण कुत्र्याची आशा सोडून त्याला दयामरण दिले गेले, तर सहज उपचार होऊ शकणारा प्राणी गमावला जातो. दुसरा चकवा उलट स्वरूपाचा आहे. काही कुत्र्यांत सोडियम व पोटॅशियम पूर्णपणे सामान्य असतात आणि कमतरता केवळ कॉर्टिसोलची असते. यांचा आजार जुनाट पोटदुखी किंवा आतड्याचा दाह म्हणून महिनोन्महिने उपचारला जातो.

निर्णायक चाचणी. आरंभी साध्या रक्तनमुन्यातील कॉर्टिसोल मोजतात. ते २ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा अधिक असल्यास ॲडिसनचा रोग बहुधा नाकारता येतो. ते कमी असल्यास रोग सिद्ध होत नाही, कारण निरोगी कुत्र्यातही ते काही वेळा कमी असते. अशा वेळी एसीटीएच उद्दीपन चाचणी करतात. कृत्रिम एसीटीएचचे इंजेक्शन देण्यापूर्वी आणि त्यानंतर एका तासाने रक्त घेतले जाते. निरोगी ग्रंथी या आदेशाला भरघोस कॉर्टिसोल सोडून प्रतिसाद देतात. ॲडिसनच्या रोगात दुसऱ्या नमुन्यातही कॉर्टिसोल २ च्या खालीच राहते.

चाचणीपूर्वी दिलेल्या औषधांचा विचार करावा लागतो. प्रेडनिसोलोन व हायड्रोकॉर्टिसोन ही औषधे मापनात कॉर्टिसोल म्हणून मोजली जातात. त्यामुळे तातडीच्या वेळी डेक्सामेथासोन वापरतात. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेल्या कुत्र्याच्या ग्रंथीही तात्पुरत्या सुस्तावलेल्या असतात आणि चाचणीत रोगग्रस्त भासू शकतात. त्वचेच्या मलमांतून किंवा कानाच्या थेंबांतून गेलेले स्टिरॉइडही यात मोजावे लागते. दोष अधिवृक्कात आहे की पीयूषिकेत, हे कुत्र्याच्या स्वतःच्या एसीटीएचच्या पातळीवरून ठरते. ती खूप वाढलेली असल्यास अधिवृक्क, तर अत्यल्प असल्यास पीयूषिका सदोष असते.

उपचार. आणीबाणीत शिरेवाटे सलाइन देऊन रक्ताभिसरण सावरतात, पोटॅशियम खाली आणतात आणि स्टिरॉइड देतात. पुढे अल्डोस्टेरॉनची उणीव भरून काढण्यासाठी रोज फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या किंवा सुमारे महिन्याने एकदा डेसॉक्सिकॉर्टिकोस्टेरॉन पिव्हालेटचे इंजेक्शन दिले जाते. त्यासोबत प्रेडनिसोलोनची लहान मात्रा लागते. ज्या कुत्र्यांत केवळ कॉर्टिसोल कमी असते त्यांना बहुधा प्रेडनिसोलोन पुरते. प्रवास किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी प्रेडनिसोलोनची मात्रा वाढवावी लागते. उपचार आयुष्यभर चालतात. योग्य उपचार मिळालेला कुत्रा सर्वसाधारणपणे पूर्ण आयुष्य जगतो.

वारसा

ॲडिसन यांचे नाव आज मुख्यत्वे एका रोगाच्या नावात टिकून आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांना हा रोग होता आणि उपलब्ध झालेल्या संप्रेरक उपचारांमुळे ते कार्यक्षम राहू शकले. वैद्यक आणि पशुवैद्यक या दोन्ही शाखांत कॉर्टिसोलच्या मापनामुळे, पूर्वी शवविच्छेदनात उलगडणारे निदान आता रुग्ण जिवंत असताना काही तासांत होऊ शकते. साधने बदलली असली तरी चाचणी करण्याआधी संशय यावा लागतो. वरवर असंबद्ध वाटणारी थकवा, उलटी, घटणारे वजन आणि मंद नाडी ही लक्षणे एकत्र वाचून त्यांमागे एकच ग्रंथी असू शकते असा विचार करणे, ही निदानाची पहिली पायरी ॲडिसन यांनी घालून दिलेलीच आहे.